घरगाडीची शिडी

कारखान्याने आपली जुनी कामगार बस मोडीत काढली आणि ती अप्पांनी घेतली, तेव्हा जळोचीतल्या निम्म्या लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. मुदतीच्या चार वर्षं आधी नोकरी सोडायची आणि अकरा वर्षं चालवलेली गाडी पुन्हा दारात आणून उभी करायची, हे कुणाच्या पचनी पडत नव्हतं. अप्पांनी कामाला सुरुवात केली. सुतार बोलावून मागची बाकडी काढली, दोन लांब फळ्यांचे बिछाने ठोकून घेतले, शेगडीसाठी पत्र्याचा कट्टा केला, खिडक्यांना पडदे लावले. टपावर जुनं कॅरियर होतंच. त्यावर पाण्याची टाकी बसवली, गाद्यांची ट्रंक बांधली आणि उन्हात दाराशी ताणायला ताडपत्री गुंडाळून ठेवली. पोरांनी तिचं नाव घरगाडी पाडलं. मार्चअखेर निघायचं, अजिंठा करून सांचीला जायचं, तिथून बोधगयेला, असा बेत होता.

अप्पांच्या बायकोला, अक्काबाईला, आधी ते सगळं खोटंच वाटायचं. जन्मात ती एकदा नागपूरला गेली होती, तीही रेल्वेच्या डब्यात दाराशी बसून. पण पडदे शिवता शिवता तीही त्या गाडीत गुंतली. परवा तर वस्तीतल्या आठ बायकांना घेऊन ते सगळे शेळगावला सिद्धूच्या घरी जाऊन आले होते. सिद्धू अप्पांच्या गाडीवरचा क्लीनर. त्याच्या बापाने मेंढरं राखली, घोड्यावर संसार लादून गावोगाव हिंडला. सिद्धूने थोडी शेती आणि कारखान्याची नोकरी केली. अप्पांनी नोकरी सोडली तशी त्यानेही सोडली. सांचीला तोही येणार होता, त्याची बायको बानूबाईसुद्धा.

सगळं झालं, शिडी तेवढी राहिली. टपावर चढायला गाडीच्या मागे लोखंडी शिडी होती, पण ती गंजून खालून सुटली होती. अप्पांनी ती कापूनच टाकली. म्हणाले, "ती सरळ उभी असती. तुला जमायची न्हाय. सुटी शिडी घेऊ, आत ठिवता येईल अशी."

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सिद्धूला घेऊन तिघं बारामतीत आली. मंडईच्या मागे आबाजींचं हार्डवेअरचं दुकान होतं. अप्पांनी घरगाडी दुकानासमोरच उभी केली, म्हणजे शिडी लावून बघता येईल. आबाजींनी तीन शिड्या बाहेर काढल्या.

पहिली बांबूची, बारा फुटी. वजनाला बरी, पण आत बिछान्यांच्या मधे ती मावेना.

"टपावर बांधू की," आबाजी म्हणाले.

"आन् ती काढायला टपावर कशानं चढायचं?" सिद्धूने विचारलं. आबाजी स्वतःच हसले आणि त्यांनी बांबूची शिडी भिंतीला लावून ठेवली.

दुसरी लोखंडी, दुमडणारा घोडा. पायऱ्या रुंद, चपट्या. कुठे टेकवायची गरज नाही, उघडली की उभी. अक्काबाईला ती आवडली. पण रस्त्याच्या उतारावर तिचा एक पाय अधांतरी राहिला आणि घोडा डुगडुगला. शिवाय तो टपापर्यंत पोचत नव्हता. शेवटची पायरी आणि टप यांच्यात हातभर अंतर राहत होतं.

तिसरी ॲल्युमिनियमची, दोन भाग एकमेकांत सरकणारी. ओढली की खटकन अडकायची, सोडली की अर्धी व्हायची. सिद्धूने ती एका हाताने उचलून दाखवली. "वैनी, पोर उचलल्यागत हाय!"

अक्काबाईने चपला काढून दोन पायऱ्या चढून बघितल्या. दांडे गोल होते, तळव्यात रुतत होते. "मला न्हाय पटत," ती म्हणाली. "पण जास्त चढणार तुमीच. तुमी चढून बगा."

"बघायचं काय त्यात? चांगली हाय."

"न चढता कशी कळली चांगली?"

अप्पा जरा थांबले. मग धोतराचा सोगा खोचून चढायला लागले. चढताना काही वाटलं नाही. हाताने दांडा धरत, समोर बघत ते झरझर वर गेले, टपावर हात टेकवून म्हणाले, "हं, बास झालं की." सिद्धू रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा सांगायला गेला होता.

अप्पा उतरायला लागले. उजवा पाय खाली आला आणि दांड्याच्या पुढे वीतभर हवेत हलला. मागे गेला, पुढे आला. दांडा तिथेच होता, पायाच्या खालीच. सापडला तेव्हा त्यांनी डावा पाय सोडला. तोही तसाच चाचपडला. अक्काबाईच्या कपाळाला आठी पडली. चौथ्या दांड्यावर पाय टेकलाच नाही. त्यांना वाटलं टेकला. त्यांनी अंगाचा भार सोडला आणि धाडकन खाली आले, रंगाच्या डब्यांवर.

"घसरली का हो?" आबाजी धावले. "दांडा ओला असंल."

दांडा ओला नव्हता. नुकताच अक्काबाईने त्याच्यावर पाय ठेवला होता. अप्पा उठून धोतर झटकत होते. कोपर सोलवटलं होतं, बाकी काही नव्हतं. चहा आला. टपरीवरच्या माणसाने कप अप्पांच्या डाव्या हाताशी, छातीच्या खाली धरला. अप्पा समोर बघत उभे. त्या माणसाने कप आणखी पुढे केला. अप्पा उभेच. "अप्पा, चहा," तो म्हणाला, तेव्हा त्यांनी मान वळवून खाली वाकवली आणि कप घेतला.

अक्काबाई त्यांच्या डाव्या अंगाला गेली. तिने आपला पंजा त्यांच्या गालाजवळ नेला, अगदी वीतभर अंतरावर, आणि जोरात हलवला.

अप्पांची पापणीसुद्धा हलली नाही.

तिने हात खाली घेतला. मंडईतला गलका एकदम लांब गेला. हा माणूस सकाळी चष्म्याशिवाय पेपर वाचतो. तिच्या सुईत दोरा ओवून देतो. लांबून येणाऱ्या एसटीची पाटी वाचून दाखवतो. आणि गालाशी हलणारा हात त्याला दिसत नाही. परवा आठ बायका मागे बसल्या होत्या. त्यातली वेणूची सून पोटुशी होती. गाणी म्हणत गेल्या होत्या सगळ्या.

"ही सरकती शिडी बांधा आबाजी," अप्पा म्हणत होते.

"राहू द्या," अक्काबाई म्हणाली. "आज न्हाय घ्यायची."

ती बाहेर आली. अप्पा तिच्या मागोमाग आले आणि सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे वळले. तिने दाराला पाठ लावली.

"किल्ली द्या."

"आं?"

"किल्ली द्या म्हन्ते मी."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. तोंडाकडे बघितलं, नीट, सरळ. तेवढं त्यांना दिसत होतं. मग त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी काही विचारलं नाही. कनवटीची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. त्या न विचारण्यातच तिला उत्तर मिळालं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

सिद्धू चहाचे पैसे देऊन रस्ता ओलांडत होता. त्याने अक्काबाईच्या हातातली किल्ली पाहिली, अप्पांची खाली गेलेली मान पाहिली आणि तो रस्त्याच्या मधेच थांबला. एका रिक्षावाल्याने त्याला शिवी हासडली तरी हलेना.

अक्काबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला दुसरा धक्का बसला. गाडीत तो नेहमी डाव्या दाराशी उभा असायचा. "येऊ द्या, येऊ द्या... सायकल हाय... बास." क्लीनरचं कामच ते. त्यात कुणाला काय वावगं दिसणार? परवाही तो सबंध वाट दाराशी उभाच होता. बायका म्हणत होत्या, बसा की भावजी, आता काय नोकरी हाय का. तो बसला नव्हता.

"भावजी, तुमाला ठावं हुतं?"

सिद्धू जवळ आला. "वैनी, घरी चला. हितं नगं."

"हितंच. ठावं हुतं का न्हाय?"

"व्हय," तो म्हणाला.

तिघं घरगाडीचीच पायरी चढली. चालत्या गाडीत नव्हे. उभ्या गाडीतच, अक्काबाईने शिवलेले पडदे ओढून, नव्या फळ्यांवर बसली. अप्पांनी सांगितलं. बोलताना ते स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होते.

दोन वर्षं झाली असतील. आधी वाटलं वयाने होतंय. जेवताना ताटाच्या कडेची वाटी दिसेना. मग दाराच्या चौकटीला डावा खांदा धडकायला लागला. समोरचं सगळं लख्ख, म्हणून कुणाला सांगितलं नाही. कारखान्यात अक्षरांचा तक्ता वाचायला लावला तर शेवटची ओळसुद्धा वाचली. मग गेल्या पावसाळ्यात, लासुर्ण्याच्या अलीकडे, डाव्या बाजूने एक मुलगी सायकलवरून शाळेला चालली होती.

"मला दिसलीच न्हाय," अप्पा म्हणाले. "सिद्धू वरडला तवा मी गाडी उजवीकडं घेतली. मागला भाग तिच्या सायकलीला लागला."

"मेली?" अक्काबाईच्या तोंडून एवढंच निघालं.

"न्हाय न्हाय!" सिद्धू घाईने म्हणाला. "मी मागं वळून पाहिलं. रस्त्याकडंच्या चारीत पडली हुती. उठून बसली. परकर सगळा चिखलानं भरला हुता."

"आन् तुमी थांबला न्हाय."

"गाडीत साठ कामगार हुते," अप्पा म्हणाले. "थांबलो असतो तर... मी त्याच दिवशी अर्ज दिला, नोकरी सोडायचा."

"त्याच दिवशी सुटली नोकरी?"

"मंजूर व्हायला पाच आठवडे लागले."

"पाच आठवडे कोण चालवत हुतं गाडी?"

अप्पांनी सिद्धूकडे पाहिलं. सिद्धू म्हणाला, "मी डावीकडं बघायचो वैनी. डोळा हलवला न्हाय मी."

अक्काबाईला हसावं की ओरडावं कळेना. साठ माणसं, रोज दोन फेऱ्या, आणि डोळे दोघांत वाटून घेतलेले. ती या माणसाबरोबर तीस वर्षं एका ताटलीत जेवली होती. वाटी कुठे ठेवली की त्यांना सापडते हे तिच्या हातांना कळलं होतं. गेले वर्षभर ती वाटी ताटाच्या मधे ठेवत होती. का ठेवतो आपण, हे तिने स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

"मग ही गाडी कशाला घेतली?" तिने विचारलं. "चालवता येत न्हाय तर घेतली कशाला?"

"दिसतंय तवर तुला सांची दाखवावी म्हटलं. पुढं दिसतंय का न्हाय कुणाला ठावं."

"मला दाखवायला मलाच मारणार हुता? आन् त्या आठ बायांना?"

अप्पांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिने आजवर त्यांना असं पाहिलं नव्हतं. तरी तिला माया आली नाही. तिला फक्त उठून लांब जावंसं वाटत होतं. ती उठली आणि पायी जळोचीला निघाली, किल्ली मुठीत आवळून. मूठ उघडली तेव्हा तळहातावर किल्लीचे दात उमटले होते.

दुसऱ्या दिवशी तिने अप्पांना बारामतीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरणीकडे नेलं. डॉक्टरणीने त्यांना आपल्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि बोट कडेकडून आत आणत विचारलं, "दिसलं की सांगा." डाव्या बाजूने बोट जवळजवळ नाकाशी आलं तेव्हा अप्पा म्हणाले, "दिसलं." खालून वर आणलं तेव्हाही तसंच. अक्काबाई कोपऱ्यात बसून ते बोट बघत होती. प्रत्येक वेळी ती मनात म्हणायची, आता, आता म्हणतील, आणि अप्पा गप्पच असायचे.

"काचबिंदू आहे," डॉक्टरीण म्हणाली. "नजरेची कड जाते, मधलं राहतं. म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली आहे ती थेंब टाकून जपायची, रोज, न चुकता. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर पुष्कळ वाचली असती."

त्या शेवटच्या वाक्याने अक्काबाईला जे झालं ते तिला पुढे कुणालाच नीट सांगता आलं नाही. भीतीपायी हा माणूस दोन वर्षं गप्प बसला, आणि गप्प बसून त्याने तीच गोष्ट घालवली जी जाईल म्हणून भीत होता. परत येताना तिने त्यांचा डावा हात धरला. धरला तो रागानेच, पण सोडला नाही.

मुलगा धम्मदीप पुण्याहून आला. म्हणाला, "गाडी विकून टाका आई." घरगाडी तेव्हा सिद्धूच्या एका भाच्याने जळोचीत आणून लावली होती आणि किल्ली अक्काबाईला परत केली होती.

"इकायची तवा इकू," ती म्हणाली. "आधी एक काम राहिलंय."

ते काम म्हणजे लासुर्णे. सिद्धूला तिने निरोप धाडला, तो आला. दोन आठवडे ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिघं एसटीने गेली. शाळेत विचारत विचारत मुलीचं घर सापडलं. मुलीचं नाव दिपाली. नववीत होती. आई मुक्ताबाई अंगणात ज्वारी पाखडत होती.

अप्पांनी उभ्यानेच सांगितलं. कारखान्याची गाडी मी चालवत होतो. तुमची पोरगी मला दिसली नाही. मी थांबलो नाही.

मुक्ताबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "आमाला वाटलं ट्रॅक्टर हुता," ती हळू म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "हात मोडला तिचा! दीड महिना पलिस्तरात हुता. सहामाही बुडाली. आन् तुमी आता आलात?"

सिद्धूचा चेहरा पांढराफटक पडला. "मी बघितलं हुतं... उठून बसली हुती..."

"उठून बसली म्हंजे हात मोडला न्हाय व्हय?"

कुणी पाणी विचारलं नाही, बसा म्हटलं नाही. अक्काबाईला तेच बरोबर वाटलं. दवाखान्याचा खर्च देतो असं अप्पा म्हणू लागले तशी मुक्ताबाईने हात झटकला, "जा तुमी. जा आदी." तिघं वळली. तेवढ्यात दाराआडून मुलगी पुढे आली. डावा हात कोपरात किंचित वाकडा होता.

"आता कोन चालवतं गाडी?" तिने विचारलं.

"कोन न्हाय," अक्काबाई म्हणाली. "किल्ली माज्याजवळ हाय."

मुलीने मान हलवली आणि ती आत गेली.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. घरगाडी लिंबाखाली उभी होती. अप्पांच्या डोळ्यांत थेंब अक्काबाई घालायची, सकाळी आणि संध्याकाळी. त्या वेळी त्यांना मान वर करावी लागायची, आणि तेवढा वेळ दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत असायची. फार बोलायची नाहीत. ऑक्टोबरात पुन्हा तपासणी झाली, तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, "आहे तेवढी नजर टिकलीय."

दिवाळी झाल्यावर सिद्धू आला. दाराशीच उभा राहिला आणि त्याने दोन कागद पुढे केले. एक जड वाहनाच्या लायसनचा. बारामतीत जाऊन त्याने परीक्षा दिली होती. दुसरा डोळ्यांच्या डॉक्टरणीचा.

"कडेचं बी तपासून घेतलंय वैनी," तो म्हणाला. "सांगितलं तिला, समदं तपासा म्हून. वाटलं तर तुमी स्वतः बगा हात हलवून."

अक्काबाईने खरंच बघितलं. डावीकडून, उजवीकडून, खालून. प्रत्येक वेळी सिद्धूची पापणी लवली. बानूबाई मागे उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. अक्काबाई हसली नाही, पण तिने आत जाऊन चहा टाकला.

शिडी घ्यायला यावेळी ती आणि बानूबाई दोघीच गेल्या. आबाजींनी पुन्हा ती सरकती पुढे केली. "परवाच दोन गेल्या, सगळे हीच नेतात."

"चढणार मी हाय," अक्काबाई म्हणाली. "माज्या पायाला पाहिजे."

तिने सगळ्या शिड्यांवर चढून बघितलं. लुगडं नेसून, डोक्यावर गादीचं ओझं आहे असं धरून. चढून नव्हे, उतरून बघायचं, हे तिला आता ठाऊक होतं. शेवटी तिने लोखंडी घोडाच ठरवला, पण तो दोन पायऱ्यांनी उंच करून हवा होता. आबाजींच्या ओळखीच्या वेल्डरने पाय वाढवून दिले, एका पायाला उताराच्या जागी खालीवर करायला पेच लावला आणि पायऱ्यांवर खरखरीत पत्रा जोडला. वजन दुप्पट झालं. दोघी मिळून ती शिडी उचलली तर उचलायची. आत ती बिछान्याखाली आडवी सरकली, जणू तिच्यासाठीच जागा सोडली होती.

डिसेंबरच्या सुरुवातीला घरगाडी निघाली. सिद्धू स्टेअरिंगवर, डाव्या दाराशी बानूबाई. वस्तीतल्या बायका निरोप द्यायला आल्या होत्या. अक्काबाईने त्यांना फेब्रुवारीतली गोष्ट पूर्वीच सांगून टाकली होती, एकेकीच्या घरी जाऊन. दोघी अजून तिच्याशी बोलत नव्हत्या.

इंदापूर ओलांडून उजनीच्या पाण्याकडेला दुपारचं जेवण करायला थांबले. जमीन उताराची होती. अक्काबाईने पेच फिरवून घोडा सरळ केला, अप्पांनी दोन्ही हातांनी तो धरला आणि ती ताडपत्री काढायला वर चढली. टपावरून पाणी लांबवर दिसत होतं. डाव्या बाजूला एक होडी जाळं ओढत चालली होती, पाण्याच्या अगदी कडेने.

"डावीकडं बगा," ती वरून म्हणाली. "होडी हाय."

अप्पांनी मान वळवली.

"आनखी. आनखी थोडी."

त्यांनी शिडी न सोडता सगळं अंगच वळवलं. बराच वेळ शोधत राहिले.

"दिसली," ते म्हणाले. "दोघं हायेत होडीत."

होडीत तिघं होते. अक्काबाईने ताडपत्रीची दोरी सोडली आणि एक टोक खाली त्यांच्या हातात दिलं.